धाग्याचं माहेर

शेठ, गुन्हा तुमचा आहे. डॉक्टरांनी करुणाचं नाक कापलं ते तिला वाचवायला, आणि जेवढं कापलं तेवढं पुन्हा उभं करून दिलं. तुम्ही तिची जागा कापलीत. आठ वर्षं तुमच्या गादीवर उभी राहून जिनं लग्नाच्या बस्त्याला आलेल्या शेकडो नवऱ्या मुलींना शालू अंगावर लावून दाखवले, तिला तुम्ही एका वाक्यात गोदामात ढकललंत. ते वाक्य पुढं येईलच, तुमच्याच शब्दांत.

पण गोष्ट तुमच्या दुकानात सुरू होत नाही. ती सुरू होते शहागंजच्या बाजारात, एका फाटलेल्या स्कार्फपासून.

या शहरात स्कूटीवरच्या झाडून साऱ्या पोरी तोंड बांधतात. ऊन, धूळ, ओळखीचे काका... कारणं बरीच. डोळे तेवढे उघडे. त्यामुळं त्या सप्टेंबरात करुणा तोंड बांधून फिरली तरी कुणाला वावगं वाटलं नाही.

तिच्या डाव्या नाकपुडीवर एक काळा ठिपका होता, मोत्यासारखा चमकणारा. दोन वर्षं सगळे म्हणायचे, तीळ आहे, शोभतो. तुम्हीही म्हणायचात, शेठ, नथीजवळ झकास दिसतो. मग तोंड धुताना त्यातून रक्त यायला लागलं. खपली धरायची, पडायची. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर तनुजा मॅडमनी तुकडा तपासायला पाठवला आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "कातडीचा कॅन्सर आहे. हा सहसा जीव घेत नाही, पण बसल्या जागी खात जातो. नाकाचा तेवढा भाग काढावा लागेल."

"आणि मग?" करुणानं विचारलं.

"मग नवं करू. तुमच्याच कपाळातून."

कपाळाची कातडी पट्टीसारखी सोडवायची, भुवयांच्या मधून वळवून खाली आणायची, नाकावर बसवायची. मधली पट्टी तीन आठवडे तशीच लोंबती ठेवायची, कारण नव्या नाकाला रक्त तिच्यातूनच जातं. नाक धरलं, की दुसऱ्या ऑपरेशनला ती पट्टी कापायची. मधले तीन आठवडे आरशात बघायचं धाडस ज्याचं त्यानं करावं.

त्या तीन आठवड्यांतलीच दुपार. मलमपट्टी करून करुणा शहागंजात रिक्षातून उतरली. स्कार्फचं टोक रिक्षाच्या दांडीत अडकलं, रिक्षा निघाली आणि... चर्रर्र! स्कार्फ फाटून खाली. कापसाची पट्टी सरकून गालावर.

बांगड्यावाल्याची आरोळी अर्ध्यात थांबली. एक बाई "अगं माय!" म्हणून वळली. माणसांनी बघितलं आणि लगेच बघणं टाळलं. सगळ्यांनी. एक सोडून.

ओट्यावर एक तरुण मांडीवर कुणाचा तरी कोट पसरून बसला होता. ओठात धागा, बोटांत सुई. तो बघत होता, आणि बघतच राहिला.

"काय बघताय?" करुणा तडकली. "तमाशा हाय का?"

"टाका बघतोय." त्यानं ओठातला धागा काढला. "लई बारीक घातलाय. कुणाच्या हातचा?"

करुणाची शिवी तयार होती. ती जिभेवरच राहिली.

"...डॉक्टर मॅडमच्या."

"मानलं. आमच्या चाचांचाच हात एवढा बारीक होता." तो ओट्यावरून उतरला, स्कार्फ उचलून झटकला, फाटलेली जागा उन्हात धरली. "कपाळावरून घेतलं ना? आम्ही बी तेच करतो. कापडाला भोक पडलं तर बाजारचा धागा लावत नाय. रंग जुळला तरी जात जुळत नाय. त्याच कापडाच्या शिवणीत दडलेल्या पट्टीतून धागा काढायचा, न् त्यानंच विणायचं. रफू म्हणतात त्याला."

"मला ज्ञान नको. स्कार्फ द्या."

"असा? भोकाचा? मंगळवारी या. करून ठेवतो."

"आणि मी आता घरी कशी जाऊ?"

त्यानं खरंच विचार केला. "आलात तशा. पायानं."

करुणा घरी पोचेपर्यंत रागानं धुमसत होती. पण बसस्टॉपपर्यंत आपण उघड्या तोंडानं चाललो, हे तिच्या ध्यानात आलं ते घरी पोचल्यावर.

त्याचं नाव सम्यक. मूळचा लासूर स्टेशनचा. रफूचं काम शिकला ते शहागंजातल्या जुन्या रफूवाल्या चाचांच्या पायाशी बसून. चाचा गेले, ओटा त्याच्याकडं आला. एवढी माहिती मंगळवारी मिळाली. स्कार्फ मिळाला नाही.

"झाला नाय अजून," तो म्हणाला. "शुक्रवारी या."

शुक्रवारी ती तोंडाला ओढणी गुंडाळून आली. त्यानं ओढणीकडं बघितलं. "हिला काय झालं? ही बी फाटली का?"

"फाटली नाही."

"मग आणली कशाला? आमच्याकडं फाटलेलं आणतात."

तिनं ओढणी सोडली. आधी हनुवटी, मग ओठ, मग... हात थांबला. तो कोटात सुई घालत होता, घाई नव्हती त्याला. तिनं उरलेली ओढणीही सोडली. समोरच्या टपरीवरून दोन कटिंग आले.

"एक गंमत सांगू?" चहाचा घोट घेऊन तीच म्हणाली. "नाकावर माशी बसली की माझं कपाळ खाजतं."

"खोटं."

"खरंच! मॅडम म्हणाल्या, नस अजून तिकडचीच आहे. नाकाला हात लागला की कपाळाला कळतं."

सम्यक हसला. मग सुई थांबवून म्हणाला, "म्हणजे धाग्याला अजून माहेर आठवतंय."

चहा निवला.

पट्टी कापायच्या आदल्या दिवशी ती गेली, पण स्कार्फ मागायला नव्हे. तसं तिनं कबूलही केलं. "उद्या पट्टी कापणार. नाक मेलं तर? काळं पडून गळलं तर?"

"इकडं बघा." त्यानं पहिल्यांदाच सुई खाली ठेवली. तिचं नाक त्यानं असं न्याहाळलं, जसं कुणी किमती वस्त्र न्याहाळतं. "रंग बघा. ताजा आहे. धरलंय. रफू धरला की वरचा धागा कापावाच लागतो, नायतर कापड ओढ घेतं. जा बिनधास्त."

नाकानं धरलं होतं.

दिवाळी संपली, तुळशीची लग्नं लागली, बस्त्यांचा हंगाम आला, आणि करुणा कामावर हजर झाली. कपाळावर उभा व्रण, नाकपुडी थोडी फुगीर, कडेनं गुलाबी शिवण. अंगावर सहा वारांची इस्त्रीची साडी. शेठ, आता तुमचं वाक्य:

"बस्ता म्हणजे शुभ काम असतं, करुणा. नवरीनं पहिलं तोंड बघायचं ते असं? अपशकुन वाटतो लोकांना. मास्क लाव, नाहीतर आत गोदामात लेबलं लाव. निवड तुझी."

तुम्हाला खात्री होती की ती मास्क घेईल. दोन महिन्यांपूर्वी घेतलाही असता. तिनं मास्क तुमच्या टेबलावर ठेवला आणि गोदामात गेली. झाकलेल्या तोंडानं गादीवर उभं राहण्यापेक्षा उघड्या तोंडानं गोदामात बसलेलं बरं, असं तिनं ठरवलं. पण जागा सोडली नाही. दर सोमवारी सकाळी ती तुमच्या केबिनच्या दारात उभी राहायची. "शेठ, माझी जागा?"

"बघू."

पुढच्या सोमवारी पुन्हा. "शेठ, माझी जागा?"

"बघू म्हटलं ना."

रात्री तिची आई, भामाबाई, भाकरी थापता थापता भडकायची. वसतिगृहाच्या खानावळीत दिवसभर भाकऱ्या थापून घरी पुन्हा तेच, वर हे. "शकुन-अपशकुन तुझ्या आज्यानं छप्पन साली दीक्षा घेतली तवाच पाचोडच्या शिवेबाहेर टाकला. हा शेठ कुठून येचून आणतो गं? सोड ती नोकरी."

"नाय सोडणार. जागा माझी हाय, आई. नेसवणं मला येतं, तिथं दुसऱ्या कुणाला येत नाय. सोडली तर तो म्हणेल, बघा, स्वतःच लाजून गेली."

भामाबाईनं भाकरी उलटली. "मग धर. दातानं धर."

गोदाम सुटलं की करुणा शहागंजात जायची. स्कार्फ अजून झालेला नसायचाच. पट्टी कापल्यापासून नाक मात्र बधिर होतं. माहेरची नस तुटली, सासर अजून ओळखीचं नव्हतं. मॅडम म्हणाल्या होत्या, वेळ लागेल, धीर धरा. धीर धरायचं काम सम्यकनं वाटून घेतलं.

"लावू बोट?" तो विचारायचा.

"लावा."

सुईनं टोचून टोचून खरखरीत झालेलं बोटाचं टोक नाकपुडीवर यायचं. ती डोळे मिटायची.

"कळलं?"

"नाय."

"बरं. उद्या बघू."

"तुमच्या 'उद्या'ला काही शेवट आहे का हो? स्कार्फचं पण उद्या, नाकाचं पण उद्या."

"रफूवाल्याकडं घाई चालत नाय, मॅडम."

"मॅडम म्हणू नका."

"मग काय म्हणू?"

"...ते पण उद्या सांगते."

जानेवारीतली संध्याकाळ. थंडीनं ओट्याची फरशी गार पडलेली, समोरच्या भट्टीतून नानखटाईचा वास येत होता. "लावू?" "लावा." बोट आलं. करुणानं सवयीनं "ना..." म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

"काय झालं?"

"खरखरीत आहे," ती म्हणाली. "तुमचं बोट... खरखरीत आहे."

"कुठं कळलं? कपाळाला?"

"नाकाला." तिचे डोळे भरले. "नाकालाच."

त्याला बोट काढायचं भान राहिलं नाही. तिनं आठवण करून दिली नाही. मग त्यानं ओट्याखालचा डबा ओढला, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काही काढून तिच्या हातात ठेवलं. स्कार्फ. तिनं तो उलटा केला, सुलटा केला, दिव्याला धरला.

"फाटला होता कुठं?"

"शोधा."

तिनं बोटं फिरवली. सापडेना. "कधी केलात?"

"पहिल्याच दिवशी. तुम्ही बसस्टॉपला पोचायच्या आत झाला होता."

"आणि चार महिने मला चकरा?"

"दिला असता तर आला असतात परत?" तो सुईच्या डब्याकडं बघत म्हणाला. "आणि दिला असता तर... पुन्हा बांधला असता तोंडाला. मला ते तोंड बघायचं होतं. रोज बघायचं होतं. म्हणजे... टाका नाय. तुम्हाला."

"लबाड."

"व्हय."

"चोर."

"व्हय. पण रफू चांगला आहे ना?"

ती हसली. नव्या नाकाला हसताना ओढ बसते. बसू दे. "मॅडम म्हणू नका म्हटलं होतं. करुणा म्हण."

"करुणा." त्यानं म्हणून बघितलं. "आता एक विचारू? हो म्हणणार असशील तरच विचारतो."

"आधी विचार."

"बस्ता कुठं बांधायचा?"

करुणाच्या डोळ्यांत असं काही चमकलं की सम्यक जरा घाबरलाच.

"माझ्या दुकानात," ती म्हणाली.

मुहूर्त त्यांना बघायचा नव्हता. त्यांनी रविवार बघितला, तुमचं दुकान फुटेस्तोवर भरतं तो. भामाबाई, सम्यकची आई लीलाबाई, सम्यक, आणि मधे तोंड बांधलेली नवरी. बांधलेला स्कार्फ तोच. तुम्ही स्वतः उठलात, शेठ. "या या! बस्ता का? बसा. अरे, थंड आणा पाहुण्यांना! नवरी कोण? या ताई, पुढं या."

नवरी पुढं सरकली. लीलाबाईंनी सांगितलं, "पांढरा शालू दाखवा. जरीकाठाचा. आमच्यात नवरी पांढरा नेसते."

"वा, वा! सगळ्यात भारी काढा." तुम्ही शालू पसरलात. "ताई, आता तो स्कार्फ काढा. चेहऱ्याला लावल्याशिवाय रंग कळायचा कसा?"

करुणानं गाठ सोडली. आधी हनुवटी, मग ओठ. या वेळी हात थांबला नाही.

तुमचा हात शालूवर तसाच राहिला.

"रंग कळला का, शेठ?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं, पण शेजारच्या गादीवरचं वऱ्हाड वळून बघायला लागलं. "की मास्क लावू?"

"करुणा... तू... अगं, आत ये, केबिनमध्ये बोलू."

"आत पुष्कळ बसले."

ती गादीवर चढली. आठ वर्षांच्या सवयीनं निऱ्या बोटांवर आपोआप पडल्या, पदर एका झटक्यात खांद्यावर, जरीचा काठ गालाला लागून उभा. समोरच्या आरशात कपाळावरचा व्रण सरळ दिसत होता आणि तिनं तो सरळ बघितला. शेजारच्या वऱ्हाडातली नवरी मुलगी, पंधरा साड्या नापसंत करून कंटाळलेली, गुडघ्यावर उभी राहिली. "ताई, मला पण अश्शीच नेसवून दाखवा ना."

"दाखवली असती गं," करुणा म्हणाली. "पण यांचं म्हणणं, माझं तोंड नवरीनं बघायचं नसतं. त्यांना विचार."

मुलीनं तुमच्याकडं बघितलं. तिच्या आईनं बघितलं. मग एकेक करत सगळ्या दुकानानं. सम्यक खांबाला टेकून उभा होता, ओठात दाबलेलं हसू घेऊन, जसा एरवी धागा धरतो तसं.

करुणा गादीवरून उतरली नाही.

"शेठ, ज्या तोंडाला तुम्ही अपशकुन म्हणालात, ते आज नवरीचं आहे. आता कुणाला आत बसवणार? मला, की बस्त्याला आलेल्या नवरीला? उद्या सोमवार. दर सोमवारी विचारते तेच आज रविवारी विचारते, सगळ्यांसमोर. माझी जागा कुठं आहे? 'बघू' चालणार नाही. बघून झालंय तुमचं. बोला."