पांढऱ्या तुरीचा दाणा

सत्त्याऐंशी सालच्या जानेवारीत माझी डावी दाढ ठणकायला लागली आणि माझी नोकरीच धोक्यात आली. मी जळगावच्या एका डाळमिलमध्ये पारखी होतो. पोत्यातला तुरीचा दाणा काढायचा आणि दाढेखाली धरायचा. खडखडीत वाळलेला असला तर 'कट्' आवाज होऊन त्याचे दोन तुकडे होतात. ओला असला तर मुकाट चेपतो. हे मला वडिलांनी, आबांनी शिकवलं. माझ्या आधी त्याच जागेवर तेच बसायचे. "आवाज उना का माल तयार शे," आवाज आला की माल तयार, एवढंच त्यांचं शास्त्र.

उजवीकडे मला दाढच नव्हती. चौदा वर्षांचा असताना पारोळ्याच्या बाजारात एका दात उपटणाऱ्याने दुखरी सोडून शेजारची चांगली दाढ उपटली, आणि दुखरी पुढे किडून गेली. आबांनी माझं डोकं गुडघ्यांत घेऊन कपाळ हातांनी दाबून धरलं होतं. त्यांच्या हातांना येणारा पोत्याचा वास मी कधी विसरलो नाही, आणि त्यानंतर दात दाखवायला कुणापुढे तोंड उघडलं नाही. आबा त्यावर एकदाच बोलले, तेही चूक स्वतःकडे घेऊन, "मीच धरं तुले. मनी चूक शे." पुढे त्यांचे सगळे दात पडले, पण तेही डॉक्टरकडे गेले नाहीत.

शेवटच्या दिवशी त्यांनी चाखायला दाणा मागितला. घरात आमच्या वावरातली पांढरी तूर होती, ती शेवटचीच. पुढे गावात सगळ्यांनी लालच पेरली. मी एक दाणा त्यांच्या बोळक्यात ठेवला. त्यांना तो फुटला नाही. तो तसाच तोंडात राहिला आणि त्याच्यासकटच मी त्यांना अग्नी दिला. त्याला तीन वर्षं झाली होती.

दाढ दुखायला लागल्यावर मी पुढच्या दातांनी कसंबसं भागवू लागलो. व्हायचं तेच झालं. ओला माल मी वाळलेला म्हणून घेतला, आणि आठवड्यात तो गोदामात तापून बुरसला. रतिलालशेठ ओरडले नाहीत. "गिरधरभाऊ, सोमवारपर्यंत दाढ दाखवून या. नाहीतर पोती शिवायला बसा," एवढंच म्हणाले. हमालांना तेवढंच पुरलं. "तूर शे तं दाढ नही!" म्हणून दिवसभर हसले. आबांची जागा माझ्या हातून जाणार, हे मला सोसवेना.

शनिवारी दुपारी मी नवी पेठेतल्या दातांच्या दवाखान्याचा जिना चढलो. बाहेरच्या खोलीत एक बाकडं होतं, आणि टेबलाशी प्रमिलाबाई नावाच्या मदतनीस बसल्या होत्या. आतून मशीनची घरघर येत होती.

"बसा भाऊ. आतला पेशंट झाला की तुम्हीच."

मी बसलो. प्रमिलाबाईंची मान खाली गेलेली पाहून हळूच उठलो आणि जिन्याची पहिली पायरी गाठली.

मागे आवाज आला. कट्.

वळून पाहिलं. बाकडं रिकामं होतं.

"ताई, काही चावलंत का?"

"मी? नाही बा."

धंद्याची सवय वाईट. आवाज कशाचा ते कळल्याशिवाय पाय निघेना. परत येऊन बसलो. थोड्या वेळाने पुन्हा उठलो, आणि पुन्हा तोच आवाज आला, या वेळी अगदी शेजारून. वाळलेली तूर होती. माझा कान त्यात चुकत नाही. सोबत तोच पोत्याचा वास आला. मी घाबरायला हवं होतं, पण खरं सांगतो, मला एकटं वाटेनासं झालं.

आत खुर्चीत बसल्यावर मात्र जबडा उघडेना.

"सावकाश," डॉक्टर म्हणाले. "घाई नाही."

कट्. कानाजवळ.

डॉक्टरांनी मान वर केली नाही.

मग कपाळावर हात आला. खरखरीत. डॉक्टरांचे दोन्ही हात माझ्यासमोर होते.

त्या हाताने दाबून धरलं नाही. नुसता टेकून राहिला.

मी तोंड उघडलं.

"झालं," बऱ्याच वेळाने डॉक्टर म्हणाले. "कीड काढून भरलीय. दाढ वाचली तुमची. आता ती मूठ सोडा."

मला रडूच आलं. तेवीस वर्षं ज्याला भ्यालो, ते अर्ध्या तासात संपलं होतं. मी मूठ उघडली. आत दोन तुकडे झालेला तुरीचा दाणा होता. टरफल पांढरं. तुकडे थुंकीने ओले होते. डॉक्टरांना न दाखवता मी ते सदऱ्याच्या खिशात टाकले.

सोमवारी पारखीच्या जागेवर बसलो. पहिल्या पोत्यातला दाणा डाव्या दाढेखाली धरला. कट्! हमाल आपापल्या पोत्यांकडे वळले. शेठ म्हणाले, "वा, गिरधरभाऊ!" कितीतरी दिवसांनी मी मोकळा हसलो.

मग त्याच सदऱ्याच्या खिशात हात घातला. दोन दिवस झाले तरी तुकडे अजून ओलेच होते.