चित्रात नसलेला निळा

"या चित्रात निळा रंग कुठंय?" पारखीनं विचारलं.

पारखी म्हणजे चंद्रावर जाणारं सामान तपासणारा यंत्रमानव. कुंदाआत्याचं चित्र चांद्रवसाहतीच्या भोजनघरासाठी निघालं होतं. अर्ज भरला होता तिच्या भाचीनं, दहा वर्षांच्या रुंजीनं. 'चित्रातले रंग' या रकान्यात लिहिलं होतं: पिवळा, केशरी, निळा.

"हा काय मधोमध," रुंजी म्हणाली. पिवळ्या कडांच्या केशरी लाटा, अन् त्यांच्या पोटात निळसर ठिपका.

पारखीनं ठिपक्यावर वर्णमापक (रंग मोजणारं यंत्र) टेकवला. "करडा. अर्ज चुकला. दुरुस्त करून पुढच्या यानाला आणा, सहा महिन्यांनी."

रुंजीचा चेहरा पडला. "आत्या, तू निळा लावलास ना?"

"निळ्याची नळी उघडलीच नाही गं. काळ्यात पांढरा कालवला." आत्या हसली आणि गुणगुणली:

*केशरी गं मळ्यामंदी, राख बसली येऊन*
*शेजाराच्या संगतीनं, गेली निळी गं होऊन*

शेजार. रुंजीनं अर्जाच्या प्रतीला भोक पाडलं आणि भोकातून नुसता ठिपका पाहिला. खरंच करडा. कागद काढला, तर निळा.

"पारखीदादा, तुमचं माप बरोबर आहे. पण तुम्ही एकट्या ठिपक्याला गाठता, आम्ही शेजारासकट बघतो. हवं तर आमच्या मागं रांगेत उभ्या असलेल्यांना विचारा."

रांगेत अकरा माणसं. भोकातून अकराही जण म्हणाले, करडा. कागद काढल्यावर नऊ जण म्हणाले, निळा. दोघं म्हणाले, जांभळट.

"रंग तोच, उत्तरं दोन," पारखी पुटपुटला. "हे कसं?"

"डोळ्यातला पडदा (दृष्टिपटल) आणि मेंदू शेजारशेजारचे रंग ताडून बघतात," आत्या म्हणाली. "भोवती केशरी दाटलं की मेंदू ठिपक्यातलाही केशरीपणा थोडा वजा धरतो. मग केशरीच्या उलटा रंग वर येतो, निळा."

"म्हणजे अर्ज माणसाच्या डोळ्यानं भरला, मी यंत्राच्या डोळ्यानं तपासला."

"दोन्ही खरे," रुंजी म्हणाली.

पारखीनं अर्जात 'निळा'पुढं लिहिलं: 'केशरीच्या शेजारी.' आणि शिक्का मारला.

चित्र सरकत्या पट्ट्यावर चढलं. पारखी म्हणाला, "ताई, चंद्रावर तर जिकडंतिकडं करडी मातीच."

रुंजी म्हणाली, "मग तिथल्या लोकांना कळवा, खिडकीच्या दोन्ही बाजूंना केशरी पडदे लावा. मग बाहेरची करडी माती कशी दिसते, ते बघू दे त्यांना."