चौथी सवारी

गारखेड्यातल्या आमच्या घराला लागून अर्धा प्लॉट मोकळा आहे. तिथं कडुलिंबाच्या झाडाखाली पंचवीस वर्षं आमची मॅटाडोर उभी होती. माझ्या वडिलांनी, काकासाहेबांनी, ती शहात्तर साली घेतली, सतरा वर्षं तिच्यातून लोकांची वऱ्हाडं वाहिली आणि इंजिनानं मान टाकल्यावर इथं आणून लावली. टपावर गवत उगवायचं, मागच्या दाराच्या भोकातून मांजरं ये-जा करायची. मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवतो. वर्षाला चाळीस पोरांना गंज काढायला शिकवणाऱ्या माणसाच्या दारात हे ध्यान, म्हणून शेजारी मला खिजवायचे, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं.

वडील गेले आणि आईनं, वच्छलाबाईनं, अन्नातलं मन काढून घेतलं. आधी अर्ध्या भाकरीवर आली, मग चतकोरावर. क्रांती चौकातल्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, काही निघालं नाही. ती रोज थोडी थोडी कमी होत होती आणि मी बघत बसलो होतो. मला फार भीती वाटत होती, हे सरळच सांगतो. मग एका सकाळी खिडकीतून बाहेर बघत ती म्हणाली की गाडी चालू झाली असती तर एकदा पिशोरला, माहेरी, जाऊन आले असते. कित्येक महिन्यांत तिनं काही मागितलं नव्हतं. मी त्याच संध्याकाळी औरंगपुऱ्यात जाऊन पॉलिश पेपरचा गठ्ठा घेऊन आलो.

मुलगा नोकरीला पुण्यात, त्यामुळं घरात आम्ही तिघंच. आई, मी आणि माझी बायको आशा. आशा अंगणवाडी सेविका आहे, हाताला काम नसलं तर तिला चैन पडत नाही. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी तिनं झाडू घेतला आणि आम्ही मागचं दार उचकटून उघडलं. आत पाचोळा, फाटलेला फोम, मांजरांचे केस. आणि मागच्या सीटवर डाव्या खिडकीपाशी एक काळा गुळगुळीत दगड, लहानशा नारळाएवढा.

तो दगड मी लगेच ओळखला. आमच्याकडं तिघं मिळून प्रवासाला निघत नाहीत. निघावंच लागलं तर वाटेतला एक दगड सोबत घ्यायचा, की झाले चार. पोचलं की तो रस्त्याच्या कडेला टाकायचा, येताना दुसरा उचलायचा. मी एकुलता एक, म्हणून आम्ही कायम तिघं आणि कायम दगड. पण आईनं तो कधी टाकू दिला नाही. सतरा वर्षं तोच दगड आणि तीच जागा. वऱ्हाड असलं की तो सीटखाली जायचा, आम्ही निघालो की वर यायचा. वडील तिची चेष्टा करायचे आणि मी त्यात भर घालायचो. पुढं आशा घरात आली आणि आम्ही चौघं झालो, पण तोवर गाडीच बंद पडली होती.

गाडी हलू नये म्हणून मी दगड उचलून मागच्या चाकाखाली सरकवला. फिटरच्या डोक्यात दुसरं काय येणार. आई काठी टेकत प्लॉटात आली, चाकाकडं बघितलं आणि तिचा चेहराच पडला.

"तितं नगं, पुंजा," ती म्हणाली. "सीटवर ठिव. खिडकीपाशी."

म्हातारीचं मन म्हणून मी ठेवला. चाकाला वीट लावली.

त्या दिवसापासून आई रोज दुपारी लिंबाखाली खुर्ची टाकून बसायला लागली. हातात पॉलिश पेपरचा तुकडा, पुढ्यात दाराचं हँडल नाहीतर दिव्याची रिंग. त्या दुपारी अजून माझ्या डोळ्यापुढं येतात. पानांतून गळणारं ऊन, पत्र्यावर घासल्याचा एकसारखा खरखर आवाज, हवेत लाल भुकटी, आणि त्या सगळ्यात आई काहीतरी गुणगुणतेय. ती अर्धी भाकरी खायला लागली. पौषात एक पूर्ण भाकरी खाल्ली आणि वर वाटीभर वरण मागितलं. आशा स्वयंपाकघरात जाऊन रडून आली.

सीटला नवा फोम बसवायचा होता म्हणून मी दगड उचलला, तेव्हा तो हाताला जड लागला. दिवाळीत मी तो एका हातानं चाकाखाली सरकवला होता. मला अशा गोष्टी मोजल्याशिवाय राहवत नाही. आशाकडं अंगणवाडीचा काटा होता, लेकराला झोळीत घालून लटकवतात तो. आम्ही तो लिंबाच्या फांदीला बांधला आणि झोळीत दगड ठेवला. तीन किलो शंभर.

"नुकतं जन्मलेलं, चांगलं बाळसेदार," आशा म्हणाली, आणि आम्ही दोघं हसलो.

जाडी कॅलिपरनं मोजून मी वहीत लिहून ठेवली. पुढच्या महिन्यात पुन्हा काटा लावला. पाच किलो सहाशे. जाडी मिलिमीटरनंसुद्धा वाढली नव्हती. काटा बिघडला असणार, मी म्हणालो. पण त्याच सकाळी आशानं त्याच काट्यावर अकरा लेकरं मोजली होती आणि सगळ्यांची वजनं मागच्या नोंदींशी जुळत होती.

इंजिन मी दुसरं बसवून घेतलं, पत्र्याचं काम युसूफभाई करत होते. माणूस कमी बोलणारा, पण हात देवाचा. त्यांनी स्प्रिंगचे सडलेले पाटे काढून चारी चाकांना नवे टाकले. दुसऱ्या रविवारी आले, गाडीच्या मागं उकिडवे बसले आणि बराच वेळ नुसते बघत राहिले.

"सर, गाडी लेफ्टला बसतीय," ते म्हणाले. "नये पाटे हैं. खाली गाडी में इधर वजन किसका है?"

मी जमीन उताराची आहे म्हणालो. ती तशी नाही, लेव्हल लावून मीच ती सपाट करून घेतली होती.

फाल्गुनात आठ किलो भरले. या वेळी आशा हसली नाही. तिनं पिशवीतून वाढीचा तक्ता काढला, त्यावर बोट फिरवलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "एका महिन्याचे चार धरले तर हिरव्या पट्ट्यात आहे. वाढ बरोबर आहे."

रात्री मी वही कपाटात ठेवून दिली आणि पुन्हा काटा लावला नाही.

लिंबाला मोहोर आला. क्रीम आणि आकाशी रंग मारून गाडी उन्हात वाळत होती, आणि टपावर बारीक पांढरी फुलं पडत होती. आई दार उघडून आत जाऊन बसली होती. मी तिला पाणी द्यायला गेलो. सगळा धीर गोळा करून म्हणालो, की आई, आता तो दगड इथंच झाडाखाली ठेवू या.

तिनं शेजारच्या दगडावर हात ठेवला. मग हलक्या आवाजात म्हणाली, "तुज्या पाठीवर येक लेक हवी व्हती मला. झाली नाय. मंग म्हनलं, ही हाये की सोबत. सतरा वर्सं मांडीशी घिऊन बसले अन् गाडी बंद पडली तवा हिला आतच ठिवून उतरले. पंचवीस वर्सं, पुंजा. येकटी."

गाडीतली हवा दुधासारखी कोमट होती.

चैत्रात आम्ही पिशोरला निघालो. आई मागं उजवीकडं, दगड डावीकडं खिडकीपाशी, आशा माझ्या शेजारी. तो मी दोन्ही हातांनी छातीशी धरून आत ठेवला होता, दहा किलोला कमी नव्हता. शहर मागं पडलं, दोन्ही अंगांना कापलेली रानं लागली. आईला डुलकी लागली. मी मनाशी ठरवलंच होतं. आईला तिचा प्रवास मिळाला होता, आता हे इथं संपवायचं.

फुलंब्रीच्या पुढं एका वडाखाली मी गाडी थांबवली. आशाला नुसती मान हलवून सांगितलं. डावं दार हळूच उघडलं, पाय रोवले, कमरेत वाकलो आणि दगड उचलला.

तोल जाऊन मी मागं पडता पडता वाचलो.

दगडाला वजनच नव्हतं. म्हणजे होतं, एवढ्या दगडाला असावं तेवढंच. एका हातानं सहज पेलत होता.

मी तो वडाच्या मुळाशी ठेवला आणि वळलो. आशा रस्त्यावर उतरून गाडीकडं मागून बघत होती.

"काढलात ना?" तिनं विचारलं.

"काढला."

"मग गाडी उचलली का नाही?"

डावी बाजू तशीच बसलेली होती.

आई जागी झाली होती. मांडीवर डबा उघडून ती धपाट्याचे बारीक बारीक तुकडे करत होती, दह्यात कालवत होती. स्वतःही खात होती. एक संपवून तिनं दुसरं घेतलं. वर्षभरात तिचा चेहरा इतका भरलेला मी पाहिला नव्हता.

"चल आता," ती म्हणाली. "तिला ऊन लागतंय."

मला पळून जावंसं वाटायला हवं होतं. पण आई दुसरं धपाटं खात होती. मी डावं दार लावलं, नीट लागलंय का ते दोनदा ओढून पाहिलं, आणि गाडी चालू केली.

पुढचा रस्ता खराब होता. मी दुसऱ्या गिअरमध्ये, खड्डे चुकवत चाललो होतो.

आरशात आई दिसत होती, खिडकीबाहेर बघणारी. तिचा पदर डाव्या बाजूला, रिकाम्या सीटकडं ताठ ताणलेला होता. टोकाशी चार-पाच बारीक चुण्या एका जागी गोळा झाल्या होत्या. खड्डा चुकला नाही, की त्या अजून घट्ट आवळल्या जात.