परवाच्या आजी

"आधी मनोरा, मग मत्स्यालय, मग ट्रामची चक्कर!" आत्याने हॉटेलातल्या पलंगावर शहराचा भला मोठा नकाशा अंथरला आणि त्यावर पेन्सिल आपटली. "उद्या संध्याकाळी जहाज. तोवर शहर आपलं!"

"आणि जेवण?" ढब्बूने विचारलं. बिस्किटं खाता खाताच विचारलं, हे सांगायला नकोच.

"तुला भूक लागायला आधी पोट रिकामं व्हावं लागेल," वकील म्हणाला. हा आत्याचा मुलगा. प्रत्येक गोष्टीवर वाद घालायचा, म्हणून घरात त्याला सगळे वकीलच म्हणायचे.

ढब्बूची मोठी बहीण भिंगरी मात्र आज गप्प होती. एरवी ती एका जागी बसली तर लोक तिला ताप आलाय का ते बघायचे! ती खिडकीपाशी उभी होती. बाहेर धुकं इतकं दाट होतं, की बंदर दिसतच नव्हतं. कुठूनतरी जहाजाचा भोंगा तेवढा ऐकू यायचा.

जहाजाचा हा सगळा बेत मुळात आजीचा. समुद्रावरून सूर्य उगवताना बघायचा, असं तिने कितीदा म्हटलं असेल! पण गेल्या थंडीत आजी गेली. तिची करडी शाल भिंगरीने बॅगेत सर्वांत वर ठेवली होती. निदान शाल तरी जहाजावर जाईल.

"अगं, हस की जरा!" आत्या म्हणाली. "कालचा तुझ्या बाबांचा फोन आठव."

तसा ढब्बू खो खो हसत सुटला. काल गाडीत बाबांचा फोन आला, तेव्हा आवाज सारखा तुटत होता. शेवटी आत्या डबाभर ऐकू जाईल अशी ओरडली, "जहाज! परवा!" आणि फोन बंद पडला. बाबांना वाटलं, जहाज परवाच सुटून गेलं! बिचारे रात्रभर डोक्याला हात लावून बसले होते.

"मी बंदरावर जाऊन उद्याची वेळ पक्की करून येते," आत्या उठली. "खोली सोडायची नाही. समजलं? वकिला, वाद नको!"

आत्या गेली आणि भिंगरी हात धुवायला न्हाणीघरात शिरली. नळाशेजारून एक जाड लोखंडी पाइप भिंतीला धरून वर गेला होता. तिने नळ सोडला.

ठक-ठक.

भिंगरीने नळ बंद केला. पुन्हा तेच. ठक-ठक. पाइपातून, वरून.

तिने पाइपाला कान लावला. घरी आजी आपल्या काठीने भिंतीवर अशीच ठकठक करायची. एकदा वाजवलं की पाणी हवंय. दोनदा म्हणजे 'ये'. आणि तीनदा वाजवलं, तर काही नको, उगीच, गंमत! ही खूण फक्त त्या दोघींची होती.

"आजी?" भिंगरी पुटपुटली.

छताजवळच्या हवेच्या झरोक्यातून फुटक्या, घोगऱ्या आवाजात उत्तर आलं, "आहे... मी आहे..."

भिंगरी किंचाळली नाही. ती उलट्या पावली बाहेर आली. तिचा चेहरा बघून ढब्बूच्या हातातलं बिस्किट गळून पडलं. असं याआधी कधी झालं नव्हतं!

"आजी वर आहे," ती म्हणाली. "मला बोलावतेय."

"काहीतरीच काय!" वकील म्हणाला, पण उठलाही तोच आधी. तिघंही दाटीवाटीने न्हाणीघरात शिरले. पाइप वाजला. ठक-ठक. झरोक्यातून कुणीतरी लांब श्वास घेतला.

"आ... आत्याला बोलावू या," ढब्बू म्हणाला. "आत्याला, बाबांना, पोलिसांना, सगळ्यांना!"

"आधी वर कोण राहतं ते विचारू," वकील म्हणाला. "पुरावा हवा."

खाली काउंटरवर एक तरुण बसला होता. त्याचा टाय इतका लांब होता, की पोरांनी आल्या आल्याच त्याचं नाव टायवाला ठेवलं होतं. बाहेर अजून उजेड होता, तरी त्याने तिथला एकूण एक दिवा लावला होता. रेडिओ मोठ्याने चालू होता आणि खुर्ची भिंतीला टेकलेली होती. पाठीमागून कुणी येऊ नये, अशी!

"काका, वरच्या मजल्यावर कोण आहे?" भिंगरीने विचारलं.

टायवाल्याने रेडिओ आणखी मोठा केला. "कोणी नाही! वरचा मजला बंद आहे. रंगकाम निघालंय. दिवे बंद, फोन बंद, जिन्याच्या जाळीला कुलूप!"

"मग ठकठक कसली?"

"पाइप! जुने पाइप!" तो म्हणाला. मग हळूच पुढे वाकला. "तुम्हालाही ऐकू आली? काल रात्रीपासून चाललंय. आज सकाळी तर कुणीतरी जाळी गदागदा हलवली! मी थेट स्वयंपाकघरात पळालो. माझं लग्न व्हायचंय अजून!"

"तुम्ही वर जाऊन बघितलं नाही?" वकिलाने विचारलं.

"मी? वर? छे!"

"वर शेवटचं कोण राहत होतं?"

"एक आजी होत्या म्हणे. त्या गेल्या."

भिंगरी पुढे सरकली. "गेल्या म्हणजे?"

"म्हणजे खोली सोडून गेल्या गं! तीन दिवस झाले."

"तुम्ही त्यांना जाताना पाहिलंत?" वकिलाने काउंटरवर कोपर टेकलं.

"मी कसा पाहणार? मी कालच कामाला लागलो. जुने मॅनेजर सुट्टीवर निघाले होते. मी विचारलं, 'वरच्या आजी?' ते म्हणाले, 'परवा.' आणि पेटी उचलून चालू लागले. ते तेवढंच बोलतात हो! एका शब्दाला दुसरा जोडला तर जीभ झिजेल त्यांची! मग मीही काम उरकलं. जाळी लावली, मेन स्विच खाली ओढला."

ढब्बूने खिशातलं बिस्किट काढलं, एक तुकडा मोडला आणि भाबडेपणाने विचारलं, "म्हणजे परवा गेल्या, की परवा जाणार होत्या?"

टायवाल्याने हात लांबवून रेडिओ बंद केला.

"बाबांसारखं झालं," ढब्बू म्हणाला. "जहाज, परवा."

"कालचा परवा म्हणजे उद्या!" वकील ओरडला. "उद्याच तर जहाज आहे, त्यासाठीच थांबल्या असतील! आणि ते बघा, किल्ल्यांची फळी! आपली सोडली, तर सगळ्या खुंट्यांवर किल्ल्या आहेत, फक्त वरच्या शेवटच्या खोलीची खुंटी रिकामी आहे! त्या गेल्या असतील, तर किल्ली कुठे आहे?"

"चुकून... घेऊन गेल्या असतील..." टायवाला घाम पुसू लागला.

भिंगरीला एकदम रडू आलं. वर आपली आजी नव्हती. कशी असेल? थोडा वेळ का होईना, तिला ते खरं वाटलं होतं, आणि आता आजी पुन्हा एकदा गेली होती. तिने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. कुणाची तरी आजी वर अंधारात बसून 'मी आहे, मी आहे' म्हणत होती, आणि खाली सगळे रेडिओ ऐकत होते!

"जाळीची किल्ली द्या," ती म्हणाली.

"नाही हं! वर काही असलं तर? मी नाही देणार!"

वकिलाने घसा खाकरला. आता त्याची खरी वेळ आली होती. "ठीक आहे. वर माणूस असेल, तर तुम्ही एका म्हाताऱ्या बाईंना कोंडून ठेवलंय. वर भूत असेल, तर आम्ही बाहेर उभे राहतो आणि येणाऱ्या प्रत्येक प्रवाशाला सांगतो की इथे भूत आहे. बोला, माणूस की भूत? तुम्ही म्हणाल ते!"

टायवाल्याने एकदा जिन्याकडे पाहिलं, एकदा दाराकडे. मग किल्ल्यांचा जुडगा काउंटरवर आपटला. "माणूस! माणूसच असू दे, बाबांनो!" आणि त्याने धावत जाऊन मेन स्विच वर ढकलला.

दिवे लागले, पण वरच्या जिन्यातला एकच दिवा धड होता. तोही थरथरत होता. जाळी कर्र करत सरकली. रंगाऱ्यांसाठी सगळ्या सामानावर पांढऱ्या चादरी टाकल्या होत्या आणि फुटक्या काचेतून धुकं आत आलं होतं. एक चादर हलली. ढब्बूने बहिणीचा हात इतका घट्ट धरला, की तिची बोटं दुखू लागली. टायवाला सर्वांच्या मागे होता, टाय तोंडात धरून!

शेवटच्या दारावर भिंगरीने दोनदा टकटक केली. आतून काठी वाजली. ठक-ठक. मग किल्ली फिरली.

दारात घोंगडी पांघरलेल्या एक उंच आजी उभ्या होत्या. एक गुडघा सुजून टम्म झाला होता. घशातून आवाज नीट फुटत नव्हता. "आलात..." त्या कशाबशा म्हणाल्या आणि भिंगरीच्या खांद्यावर त्यांचा सगळा भार आला.

ढब्बूने काय करावं? खिशातली उरलेली सगळी बिस्किटं त्यांच्या हातावर ठेवली! हे त्याने आजवर कुणासाठीही केलं नव्हतं.

गरम चहा पोटात गेल्यावर आजी थोडं थोडं बोलू लागल्या. सर्दीने घसा बसलेला, फोन मुका, दिवे गेलेले. गुडघा ओढत जाळीपर्यंत गेल्या, ती हलवली, तर खाली कुणीतरी पळून गेल्याचा आवाज आला! खिडकी उघडावी, तर बाहेर धुकं आणि भोंगे. मग न्हाणीघरात पाइपाशी बसून राहिल्या. "उद्या त्या जहाजाने मला जायचंय," त्या म्हणाल्या. "पलीकडच्या बंदरावर माझी धाकटी बहीण यायची आहे. लग्न होऊन गेली, ती पुन्हा भेटलीच नाही. मी उतरले नाही, तर तिला वाटेल, ताई गेली. तिचंही वय झालंय गं."

तेवढ्यात आत्या परत आली. "खोली सोडायची नाही म्हटलं होतं ना!" ती दारातूनच गरजली. मग सगळी हकिगत ऐकून तिने टायवाल्याचा असा समाचार घेतला, की तो चहाचा ट्रे घेऊन उभ्याउभ्याच दोनदा माफी मागून मोकळा झाला. जुन्या मॅनेजरांना आत्याने तिथूनच फोन लावला. सगळं ऐकल्यावर ते चक्क एक पूर्ण वाक्य बोलले, "चूक माझी आहे, आजींना फोन द्या." टायवाल्याला भुतापेक्षा याचंच आश्चर्य वाटलं!

मनोरा राहिला, मत्स्यालय राहिलं. सकाळी डॉक्टरांनी आजींचा गुडघा बांधून दिला आणि सगळ्यांनी ट्रामची चक्कर तेवढी मारली, कारण ती बसून मारता येते. आत्याने नकाशाची घडी घातली आणि तिघांना जवळ ओढलं. "मीही 'नळ वाजतात' म्हणून झोपले असते रे. तुम्ही ऐकलंत! आई असती, तर सगळ्या जहाजाला सांगत सुटली असती."

संध्याकाळी जहाज सुटलं. धुकं विरलं होतं. डेकवर आजी आत्याच्या शेजारी खुर्चीत बसल्या होत्या, वकील त्यांच्याशी वाद घालत होता आणि ढब्बू त्यांची बिस्किटं खात होता. वारा सुटला, तशी भिंगरी शाल आणायला खाली केबिनमध्ये आली. बॅग उघडली. शालीला अजून आजीचा वास होता.

ठक-ठक-ठक.

ती वळली. आवाज बाहेरच्या भिंतीतून आला होता. त्या भिंतीपलीकडे खोली नव्हती, नुसतं पाणी होतं. लाट आपटली असेल. वकिलाने तर पुराव्यासकट पटवून दिलं असतं.

भिंगरीला या वेळी भीती वाटली नाही. ती रडता रडता हसली, भिंतीवर तीनदा टकटक केली आणि शाल घेऊन वर आजींकडे पळाली.