घरमा सांगी दे

सन १९९६. फेब्रुवारी महिन्यातील एका गुरुवारी, सकाळच्या प्रहरी, सुरत शहराच्या नवागाम भागातील पोलीस चौकीत नूतन योगेंद्र देवरे ही विवाहिता आली. तिने टेबलावर तीन कॅसेटी ठेवल्या.

“माझे मालक जहाजावर आहेत,” ती म्हणाली. “त्यांनी मला टाकलंय का, तेवढं सांगा.”

फौजदार प्रफुल्ल बैसाणे मूळचे धुळ्याकडचे; वडिलांच्या रेल्वेच्या नोकरीमुळे सुरतेतच वाढलेले. त्यांनी चष्मा पुसला.

“हा पोलिसांचा विषय नव्हे, ताई.”

“मग कुणाचा? रविवारी माहेरचे मला न्यायला येणार आहेत. टाकलेली म्हणून जाऊ, की पाहुणी म्हणून जाऊ?”

तिच्या आवाजात राग नव्हता, आर्जवही नव्हते. बैसाण्यांनी टेपरेकॉर्डर पुढे ओढला.

पहिली कॅसेट गेल्या पावसाळ्यातली. रजेवर परतणाऱ्या वलसाडच्या एका सोबत्याने ती घरी आणून दिली होती. योगेंद्र देवरे पर्यटकांच्या जहाजाच्या धुलाईखान्यात कामाला होता. त्याचा आवाज मोकळा होता. मागे अखंड, एकसुरी घरघर होती.

त्याचे बोलणे साधे होते. धुलाईखाना पाण्याच्या पातळीखाली, खिडकी नाही. दिवस उगवला हे दिव्यावरून नव्हे, पाळीच्या घंटेवरून समजायचे. टॉवेलांचे ढिगारे येत, जात, पुन्हा येत. उतारूंचा जिना निषिद्ध. चुकून उतारू समोर आलाच, तर हसणे सक्तीचे. छातीवरच्या पट्टीवर नाव ‘योगी’, कारण पूर्ण नाव कुणाला उच्चारता येत नसे. करार संपेपर्यंत एकही सुट्टी नाही. “आठे ऐतवार बी नही, सोमवार बी नही,” तो म्हणत होता. “करार सरस तवय सुट्टी. नूतन, तुनी आठवन येस. नूतन, आयकी राहिनी का?”

दुसरी कॅसेट दिवाळीनंतरची, तिसरी संक्रांतीची. आवाज तोच वाटे, पण बसका.

“माय, एसीनं घसा बसेल शे. मी बरा शे. काल सुट्टी व्हती, दिनभर झोपेल व्हतू. तब्येत जप. घरमा सांगी दे, काळजी करू नको.”

“घरमा म्हणजे मी,” नूतन म्हणाली. “माझं नावसुद्धा घेत नाहीत आता. वस्तीतल्या बाया म्हणतात, तिकडे गोरी ठेवली.”

“या दोन कॅसेटी कुणी आणल्या?”

“जेठांनी. ह्यांच्या थोरल्या भावांनी, छगनभाऊंनी. बमरोलीला कापडाच्या लूमवर आहेत. फोन, निरोप, सगळं त्यांच्या शेडवरच येतं.”

“पैसे?”

“तेही तेच आणून देतात.”

“जेठ दमलेले दिसतात का?”

तिने प्रथमच वर पाहिले. “दिवाळीपासून दोन-दोन पाळ्या करतात. का?”

तिसरी कॅसेट बैसाण्यांनी पुन्हा लावली, आणि या वेळी शब्दांकडे लक्ष न देता ऐकली.

त्याच दुपारी ते नवागामातल्या देवऱ्यांच्या खोलीत गेले. सासू सोनाबाई दाराशी तांदूळ निवडत होती. खाकी कपडे पाहून तिने फक्त मुलाचा ठावठिकाणा विचारला, “मना पोऱ्या कथा शे?”

छगन पाळी संपवून नुकताच आला होता. डोळे लाल, केसांत सुताचे तंतू. त्याच्याशी मोठ्याने बोलावे लागे. नूतन त्याच्या हाताच्या अंतरावर पदर पुढे ओढून उभी होती. तिच्याकडे न पाहता तो आईला म्हणाला, “माय, घरमा सांगी दे, साहेबले चहा ठेव.”

बैसाणे खाटेवर बसले.

“चहा नको. छगनभाऊ, तुमच्या शेडला आठवड्याची सुट्टी असते?”

“असते ना साहेब. सगळ्याच शेडला असते.”

“जहाजावर नसते. योगेंद्रने स्वतः सांगितले आहे. करार संपेपर्यंत एकही नाही. मग दिवाळीनंतर त्याला सुट्टी कुणी दिली?”

छगन केसांतले सुताचे तंतू काढू लागला.

“दुसरे. पहिल्या कॅसेटमध्ये इंजिनाची घरघर आहे. पुढच्या दोहोंत दुरून खटखट ऐकू येते. ती लूमची आहे. या घरात ती कुणाच्या ध्यानात आली नाही, कारण ती इथे भिंतीतूनही येते. तुमच्या तर नाहीच. तुमचे कान लूमनेच घेतले. तुम्ही शेडच्या मागे बसून बोललात आणि समजलात, शांतता आहे.”

“आवाज सारखा असतो भावाभावांचा,” छगन पुटपुटला.

“असतो. म्हणूनच घसा बसवावा लागला. भावाची नक्कल तुम्हाला साधली. फक्त एक गोष्ट साधली नाही. धाकट्या भावाच्या बायकोचे नाव जेठ घेत नाही, तिच्याशी समोरासमोर बोलत नाही. एकट्याने, यंत्रासमोर, भावाच्या नावाने बोलतानाही तुमची जीभ ‘नूतन’ म्हणायला वळली नाही. ‘घरमा सांगी दे’ म्हणालात. आत्ताही तेच म्हणालात.”

सोनाबाईचा हात सुपात थांबला.

छगनने गळ्यातला रुमाल काढला, त्याची घडी घातली. “साहेब, तिला सांगा,” तो म्हणाला. नूतन तिथेच होती. “तिला सांगा, दिवाळीच्या आधी शेडवर मुंबईहून एजंटाचा फोन आला. वादळात जहाजावरून पडला. शोधला, सापडला नाही. तो जहाजावर जायला तयार नव्हता साहेब. मीच धाडला. म्हटलं, लूमवर कान जातील तुझे. घरी आलो तर मायनं दारातच विचारलं, पोऱ्या कथा शे. मी म्हटलं, बरा शे. एकदा म्हटलं, मग रोज म्हणावं लागलं. पैसेही माझ्या दुसऱ्या पाळीचेच.”

“आणि हिला वस्ती टाकलेली म्हणत होती, ते तुम्ही ऐकलेत?”

“ऐकलं. मला वाटलं, रांडकीपेक्षा टाकलेली बरी. कुंकू तर राहील.”

कुणी रडले नाही. भिंतीपलीकडे लूम चालूच होते.

नूतनने सासूच्या मांडीवरून सूप उचलून बाजूला ठेवले. मग ती वळली आणि या घरात आल्यापासून प्रथमच जेठाकडे सरळ पाहून बोलली.

“त्यांनी मला टाकलं नव्हतं. ते वारले.”