दक्षिणेच्या भिंतीवरचा फोटो

“हयात हायत का?”

सोमेश्वर दर्शनीशी बोलला ते पहिलं वाक्य हे. प्रेमाच्या गोष्टी याहून बऱ्या शब्दांनी सुरू होतात. हिच्या वाट्याला हेच आलं.

खरं तर आष्टीतल्या त्या फ्रेमच्या दुकानात ती जायचीच नव्हती. फोटो पोचवायचे होते ड्रायव्हरनं, पण त्याच सकाळी त्याची म्हैस व्यायला झाली, आणि दर्शनी ब्लाउज आणायला आष्टीला निघालीच होती. म्हणून आजोबा आणि वडील दोघंही तिच्या पिशवीतून आले. दुकानात पॉलिशचा नि लाकडाच्या भुशाचा वास. कानावर पेन्सिल अडकवलेला एक उंच, सावळा तरुण दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघत राहिला. फोटोंकडे. तिच्याकडे नाही.

“हे आजोबा, हे वडील,” ती म्हणाली.

“ते झालं. हयात हायत का?”

“वडील आहेत की. सकाळीच माझ्यावर ओरडून झालंय त्यांचं.”

तो हसला नाही, पण ओठाचा एक कोपरा हलला, आणि तो दर्शनीच्या नजरेतून सुटला नाही. मग त्यानं समजावून सांगितलं. गेलेल्या माणसाला रुंद, काळपट पट्टी. जागा दक्षिणेच्या भिंतीवर, वर चंदनाचा हार. हयात माणसाला सोनेरी पट्टी, आणि हार चुकूनसुद्धा नाही. एकदा न विचारता एका म्हाताऱ्याला काळपट पट्टी लावली, तर म्हातारा स्वतः दुकानात येऊन त्याचा उद्धार करून गेला होता.

“तवापासून विचारून घेतो, म्याडम.”

दर्शनीचे वडील सुंदरराव, पंचायत समितीचे माजी सभापती. कडा गावात त्यांचा नवा बंगला बांधून झाला होता. आता भिंती बोलक्या करायच्या होत्या. घरात पाऊल टाकणाऱ्याला पहिल्या अर्ध्या मिनिटात घराणं कळलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह. त्यासाठी त्यांनी आपला फोटो मुद्दाम वडिलांच्या फोटोसारखा काढून घेतला होता — तसाच पांढरा सदरा, तसाच गुलाबी फेटा, मानही तशीच वळलेली. वडिलांचा जुना फोटो काँप्युटरवर रंगवून आणला. मिश्या तर देवानंच सारख्या दिल्या होत्या. आता दोन्ही फ्रेमा हुबेहूब एक हव्या होत्या, समोरासमोरच्या भिंतींवर. सोमेश्वरनं फोनवर एकदा सांगून पाहिलं की दादा, एकसारख्या नका करू, घोटाळा होतो. सुंदररावांनी त्याला पट्ट्या कापायला सांगितलं.

घाईचं कारण वेगळंच होतं. शुक्रवारी वास्तुशांत, आणि आदल्या दिवशी चार वाजता उमापूरचे पाहुणे ‘घर बघायला’ येणार होते. काय बघायला येणार होते ते सगळ्या कड्याला ठाऊक होतं. मुलगा पुण्यात नोकरीला, चुलत्याचं गेवराई तालुक्यात वजन. सोयरीक जमली तर सुंदररावांना त्या तालुक्यातही पाय ठेवायला जागा होणार होती. चित्रं निवडायचं काम दर्शनीवर टाकलं गेलं ते याचसाठी. ‘सगळं आमच्या मुलीच्या आवडीनं’ हे वाक्य चहाबरोबर द्यायला बरं पडतं.

वडिलांना सात पांढरे घोडे हवे होते, तेही घरात शिरणारे, बाहेर पळणारे नकोत. बायनाआत्याला दारासमोर तुळजाभवानी हवी होती. आणि दर्शनीला दुकानात परत जायला निमित्त हवं होतं. म्हणून ती एका खेपेला एकच चित्र पक्कं करायची आणि बाकीचं ‘उद्या सांगते’ म्हणून यायची. आठ दिवसांत अशा तीन खेपा झाल्या. तेवढ्यात त्यानं तिच्या तोंडाकडे किती वेळा पाहिलं, हे तिनं मोजलं होतं. एकदाही नाही. टेपकडे पाहिलं, करवतीकडे पाहिलं, एकदा तिच्या चपलांकडे पाहिलं. पण ज्या तालुक्यात भाजीवालीपासून तहसीलदारणीपर्यंत सगळ्यांना ‘ताई’ म्हणतात, तिथं हा तिला ताईसुद्धा म्हणत नव्हता. या दोन गोष्टींचा मेळ काही लागेना. बाई आवडली नाही तर माणूस ताई म्हणून मोकळा होतो की.

तिसऱ्या खेपेला काउंटरमागे, भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं एक चित्र दिसलं. तिनं न विचारता फिरवलं. पहाट. तोडून मोकळा झालेला उसाचा फड, त्याच्या कडेला ऊसतोड्यांच्या कोप्यांची, पाचटाच्या झोपड्यांची, रांग, प्रत्येक कोपीतून धूर, आणि एकीपुढं दोरीवर वाळत घातलेली लाल साडी.

“कुणी काढलं?”

“मी.”

“कुठलंय?”

घर हाय, तो म्हणाला. पंधराव्या वर्षापर्यंत वर्षाचे सहा महिने तो त्यातच राहिला होता. आई-बाप आत्ताही तिकडेच, कोल्हापूरच्या बाजूला. दर्शनीनं ते चित्र हॉलसाठी मागितलं. त्यानं ते तिच्या हातातून हळूच, पण ठामपणे काढून घेतलं. विकायचं नाही म्हणाला.

घरी तिनं विषय काढून बघितला. सुंदररावांचा भाकरीचा घास हातातच राहिला. “हॉलमधी कोप्या? पाव्हण्यांनी काय समजायचं?” विषय संपला.

गुरुवारी अकरा वाजता तो टेम्पोतून शिडी, ड्रिल आणि कागदात गुंडाळलेल्या फ्रेमा घेऊन आला. भिंतीचा रंग नवाकोरा. एक भोक चुकलं तर कायम डोळ्यांसमोर राहणार. वडील बाहेर मांडववाल्यांशी हुज्जत घालत होते, आई स्वयंपाकघरात, आत्या पोर्चमध्ये गहू निवडत. हॉलची दारं सताड उघडी — म्हणजे मनातलं बोलायची सोय नाही, आणि गप्प बसायलाही काही कारण नाही. दर्शनीनं शिडी धरली.

“जरा वर... आता थोडं डावीकडं.”

“तुमचं डावं का माझं?”

“एकच आहे. आपलं तोंड एकीकडंच आहे.”

ड्रिल थांबली. मग पुन्हा सुरू झाली, गरजेपेक्षा जास्त जोरात. गिलाव्याची पांढरी धूळ तिच्या केसांत पडत होती. तिनं ती झटकली नाही.

“एक विचारू? तुम्ही मला ताई का म्हणत नाही? सगळे म्हणतात.”

 वरून नुसती धूळ आली.

“म्हणू का?”

“...नको.”

साडेतीनपर्यंत घोडे घरात शिरले, भवानी दारासमोर बसली, सुंदरराव चार वेगवेगळ्या पुढाऱ्यांशी हस्तांदोलन करत भिंतीवर चढले. दोनच फोटो उरले, सोफ्याला टेकवलेले. सोमेश्वर शिडीवरूनच म्हणाला की कागद काढा, आजोबांना हार घाला आणि द्या. तिनं कागद फाडले. तिथंच आणखी एक चपटं पुडकं होतं; यादीत नसलेलं.

“हे कशाचं?”

“तुमच्या खोलीचं हाय.” तो भिंतीशी बोलल्यासारखा बोलला. “हॉलमधी न्हाई शोभायचं.”

तिनं कोपरा सोडवला. धूर. दोरीवरची लाल साडी.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. पाहुणे वेळेआधीच आले होते. “हार घाला, द्या लवकर,” तो म्हणाला. दर्शनीची नजर त्याच्या धुळीनं पांढऱ्या झालेल्या मानेवर होती. हातांनी जवळचा फोटो उचलला, त्याला हार घातला, वर दिला. त्यानं खाली न बघता घेतला आणि दक्षिणेच्या भिंतीवर टांगला. दुसरा समोर. मग शिडी तिथंच सोडून, हत्यारं उचलून तो पोर्चमध्ये जाऊन उभा राहिला.

चहा झाला. सुंदररावांनी ‘आमच्या मुलीच्या आवडीनं’ दोनदा सांगितलं. मुलगा वाईट नव्हता. मोबाईलच्या आडून दर्शनीकडे बघत होता. त्याचे चुलते मात्र पंचनामा करायला आल्यासारखे भिंतीभिंतीनं फिरले आणि दक्षिणेच्या भिंतीपाशी थांबले.

“वडील अगदी तुमच्यासारखेच दिसत्यात, सुंदरराव.”

“रक्तच ते.”

चुलते वाकून जवळ गेले. “व्हय. पण त्यांच्या वेळंला मोबाईल व्हता का?”

हार घातलेल्या माणसाच्या सदऱ्याच्या खिशातून मोबाईलचं काळं टोक डोकावत होतं.

 सगळ्यांच्या माना समोरच्या भिंतीकडे वळल्या. तिथं पंचवीस वर्षांपूर्वी गेलेले आजोबा, भगवानराव, हाराविना, जिवंत माणसाच्या जागी बसून सगळ्यांकडे बघत होते. हयात माणसाला हार, तोही वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी. आई मीठ-मोहरी आणायला आत धावली. मुलाच्या आईनं अर्धा चहा खाली ठेवला आणि पदर सावरला. कळवतो, चुलते म्हणाले. ‘कळवतो’चा अर्थ त्या घरात सगळ्यांना कळत होता.

गाडी गेल्यावर सुंदरराव ओरडले नाहीत, आणि तेच भीतीदायक होतं. त्यांनी सोमेश्वरला आत बोलावलं. शांतपणे सांगितलं की उद्यापासून कडा ते आष्टी कुणी त्याला साधं कॅलेंडरसुद्धा फ्रेम करायला देणार नाही, एवढी तजवीज ते करतील. ही नुसती धमकी नव्हती. त्यांना ते जमलं असतं, हे तिघांनाही ठाऊक होतं. टांगल्यापासून सोमेश्वरनं तेव्हा पहिल्यांदा त्या फोटोकडे नीट पाहिलं. मग समोरच्या. एकसारख्या फ्रेमांबद्दल आपण काय सांगितलं होतं, हे त्यानं काढलंच नाही.

“चूक माझी हाय, दादा. हार मीच घातला.”

 दर्शनी गप्प राहिली असती तर सगळं मिटत होतं. तिचं गुपित तिच्यापाशी, वडिलांचा राग ठरल्या जागी. आणि आष्टीतल्या त्या दुकानाचं शटर कायमचं खाली.

“खोटं बोलतायत ते,” ती म्हणाली. “हार मी घातला.”

“तू? बापाला वळखंना झालीस?”

दारातून आत्याचा आवाज आला. “ध्यान कुठं व्हतं गं तुझं?”

घाई झाली होती, म्हणता आलं असतं. हॉर्न वाजला, म्हणता आलं असतं. दोन्ही खरंच होतं. दर्शनीनं ओढणीचं टोक मुठीत धरलं.

“ह्यांच्याकडं.”

आतून मीठ-मोहरी घेऊन आलेली आई उंबऱ्यातच थबकली. सुंदररावांनी मुलीकडे पाहिलं नाही. त्यांनी सोमेश्वरकडे पाहिलं, आणि आवाज आणखी खाली आला.

“अन् तुझं?”

“माझं भिंतीकडं, दादा.” तो थांबला. “मुद्दाम. आठ दिस झालं, मी तिकडं बघतच न्हाई. एकडाव बघितलं तर हातून काम हुयाचं न्हाई... हे पहिल्याच दिशी कळलं व्हतं.”

दर्शनीला इतके दिवस न लागलेला मेळ तिथं, बापासमोर लागला. तिला हसू येत होतं आणि रडूही, आणि दोन्ही करायची ती वेळ नव्हती.

“फडावरचं पोरगं,” सुंदरराव म्हणाले, “भगवानरावांच्या घरात येऊन हे बोलतंय. त्या फेट्याकडं बघ जरा. त्या फेट्याची तरी—”

“सुंदर,” आत्या म्हणाली, “त्यो फेटा फोटोवाल्याचा हाय.”

“काय?”

“नगरच्या. माझ्या बस्त्याला गेलतो आमी. बाबा फडावरनंच आलते. कोयता दुकानाबाहीर ठिवला अन् आत जाऊन फोटो काढला. सदरा बी त्याचाच. मी व्हते की संगं.”

सुंदररावांनी तसाच फेटा मिळवायला तीन दुकानं पालथी घातली होती. ते सोफ्यावर बसले. कितीतरी वेळ दोन्ही भिंतींकडे आळीपाळीनं बघत राहिले. 

मुरलेला पुढारी ‘हो’ म्हणत नाही, ‘नाही’ही म्हणत नाही. तो तारीख देतो.

“आई-बाप कवा येत्यात तुझे?”

“कारखाना बंद झाल्यावर.”

“मग पाडव्याला बघू.”

दोन महिने. दोन महिन्यांत उमापूरसारखी चार ठिकाणं येऊन जातात. सोमेश्वरनं कानावरची पेन्सिल काढून खिशात ठेवली.

“पाडव्याला कावून, दादा? परवा आणतो.”

“टोळी मधीच सोडून? मुकादम यिऊ दील व्हय?”

“त्याला बी संगंच आणतो.”

आत्या पदर तोंडाला लावून हसली. सुंदररावांनी मिशीवरून हात फिरवला. मिशीखाली काय चाललं होतं ते दिसू दिलं नाही.

“परवा नको,” ते शेवटी म्हणाले. “परवा बीडला बैठक हाय माझी. रविवारी आण.”

आणि उठून मांडववाल्यांकडे गेले.

सोमेश्वर शिडी उचलायला वळला. दर्शनी आडवी उभी राहिली.

“राहू द्या. रविवारी न्या.”

“अन् दोन दिस काम कसं करू?”

“नका करू.”

तेव्हा त्यानं पाहिलं. सरळ, पापण्यांवर गिलाव्याची धूळ तशीच, काही राखून न ठेवता... इतका वेळ की आत्याला खोकला काढावा लागला.

शुक्रवारी वास्तुशांतीला तीनशे माणसं जेवली. दोन्ही फोटो आपापल्या जागी गेले होते. हार सुंदररावांनी स्वतःच्या हातानं काढून वडिलांना घातला होता. हॉलच्या मधोमध मात्र ती धुळकट शिडी उभी, आणि ताटं घेऊन जाणारा प्रत्येक जण तिला वळसा घालून जात होता. भटजींनी ती हलवायला सांगितली.

“असू द्या,” सुंदरराव म्हणाले. “काम थोडं बाकी हाय. रविवारी व्हईल.”