हद्दीपलीकडे एक फावडं

एल्ना हार्जूच्या घरासमोर फुटपाथच्या अकरा फरशा होत्या. आठ धड, दोन तडकलेल्या आणि एक मेपलच्या मुळाने कोपऱ्यात दोन इंच वर उचललेली. फुटपाथपासून घरापर्यंत दगडी वाट, तिच्यात सहा लाद्या. मग चार पायऱ्या, पडवी आणि दार. फुटपाथ नगरपालिकेचा, पण त्यावर पडलेला बर्फ घरमालकाचा. डुलुथसारख्या बर्फाळ शहरात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. बर्फ थांबला की चोवीस तासांच्या आत आपल्या घरापुरता फुटपाथ खाली काँक्रीट दिसेपर्यंत मोकळा करायचा. मग तुम्ही सतरा वर्षांचे असा नाही तर सत्तर.

एल्ना एकाहत्तर वर्षांची होती. शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत तिने बत्तीस वर्षं काढली होती आणि मोजल्याशिवाय कशावर विश्वास न ठेवायची सवय तिथून घरी आणली होती. तिचा उजवा खांदा गेल्या वर्षापासून वर उचलला जात नव्हता. गेल्या फेब्रुवारीत त्या उचललेल्या फरशीवर पोस्टमन लिरॉय घसरला आणि त्याचं मनगट मोडलं. नगरपालिकेची नोटीस आली. त्या आठवड्यात मुलगी कार्ला गाडी काढून आली आणि स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच म्हणाली, "आई, अजून एक नोटीस आली की घर विकायचं. माझ्या इमारतीत खालच्या मजल्यावर जागा आहे. कबूल?"

"कबूल," एल्ना म्हणाली होती. नाही म्हणायला लागणारी ताकद तेव्हा तिच्यात नव्हती. पण या घराबाहेर तिला मरायचं नव्हतं, हेही तितकंच खरं होतं.

गल्ली उताराची होती; खालच्या बाजूला, अकराव्या फरशीपलीकडे, रेइनो साल्मेलाचं घर. रेइनोने सगळा जन्म गोदीवर खनिज उपसण्यात घालवला. निवृत्त झाल्यावर त्याला बर्फाशिवाय दुसरं काम उरलं नव्हतं. त्या गल्लीचा एक रिवाज होता: आपली हद्द साफ करायची आणि शेजाऱ्याच्या बाजूला एक फावडं जास्त मारायचं. त्यापेक्षा कमी म्हणजे कद्रूपणा, त्यापेक्षा जास्त म्हणजे उपकार. रेइनोने तीस वर्षं एल्नाच्या शेवटच्या फरशीवर नेमकं एक फावडं जास्त मारलं. त्याचं फावडं गोदीवरचं, पोलादी, उजवा कोपरा तुटलेला. त्यामुळे प्रत्येक झटक्याच्या उजव्या कडेला बोटभर बर्फाची रेघ मागे राहायची. झटका मारला की तो फावडं जमिनीवर दोनदा आपटायचा. टक, टक. बर्फ टाकायचा तो मात्र नेहमी स्वतःच्या अंगणात.

रिवाजाचा दुसरा भाग विधवांसाठी होता. अंगात जोर उरला नाही की पुल्ला भाजायचा, वेलदोडा घातलेला, वेणी घातलेला पाव, आणि तो एखाद्या शेजाऱ्याच्या पायरीवर ठेवायचा. कुठून कुठवर साफ करायचं ते तिथेच तोंडाने सांगायचं. पाव उचलला गेला की त्या हिवाळ्यापुरतं काम त्याचं. एल्ना विधवा होती, पण तिने कधी पाव ठेवला नव्हता. रेइनो चिडवायचा, "माझी पायरी पावाची वाट बघून झिजली गं, एल्ना!"

"पायरी झिजली तर दुरुस्त कर. दुसरं काम तरी काय आहे तुला?" ती म्हणायची.

ऑक्टोबरात रेइनो गेला. त्याचा भाचा ॲरिझोनाहून आला, घराला कुलूप लावलं आणि जाताना ते फावडं एल्नाच्या हातात देऊन गेला. "मामा म्हणाला होता, हे हिला द्या." फावडं उचलायलाही तिला जड जात होतं. तिने ते मागच्या खोलीत खुंटीला टांगलं. टांगण्याआधी सवयीने पातं मोजलं. अठरा इंच.

पहिला मोठा बर्फ नोव्हेंबरात पडला. एल्ना सकाळी वरच्या बाजूने सुरुवात करून, दर फरशीला थांबून श्वास घेत, खाली आली. अकराव्या फरशीच्या शेवटी तिचं प्लॅस्टिकचं फावडं खरडलं आणि रिकामंच पुढे गेलं. तिथे बर्फ नव्हता. हद्दीपासून तिच्या बाजूला एक आडवा पट्टा काँक्रीटपर्यंत साफ होता. उजव्या कडेला बोटभर पांढरी रेघ होती. पलीकडे रेइनोच्या घरासमोरचा बर्फ जसा पडला तसाच होता, त्यावर चिमणीचंसुद्धा पाऊल नव्हतं.

ती मागच्या खोलीत जाऊन आली. फावडं खुंटीला होतं. कोरडं.

दुपारी लिरॉय आला, तेव्हा तिने विचारलं, "तिथला बर्फ तू काढलास का रे?"

"मी? एल्नाबाई, मी पत्रं टाकतो. बर्फ टाकायचा पगार मला मिळत नाही." त्याने मनगट फिरवून दाखवलं. "आणि तुमच्या फरशीने मला एकदा चांगलाच मुका दिलाय. मी तिच्या वाटेला जात नाही."

"मग कुणी काढला?"

"वारा असेल," लिरॉय म्हणाला आणि पट्ट्याकडे बघत राहिला. मग तो पट्ट्यावर पाय न देता रस्त्यात उतरून गेला.

एल्नाने वाऱ्याचा विचार करून पाहिला. वारा सरळ कडा कापत नाही. पण खांदा ठणकत होता आणि अठरा इंच कमी उपसावं लागलं हेही खरं होतं. ती आत जाऊन आडवी झाली.

डिसेंबरात थंडी शून्याखाली बावीसवर गेली. इतक्या थंडीत मीठ कामाचं राहत नाही, नुसतं खड्यांसारखं पडून राहतं, हे तिला पुस्तकातून आणि फुटपाथवरून असं दोन्हीकडून माहीत होतं. तरी ती मीठ टाकायची. पिशवी पुढच्या दाराच्या आत, बुटांशेजारी ठेवलेली असायची आणि तिच्या जाण्यायेण्याने मिठाची पांढरी भुकटी दारातल्या जमिनीवर पसरलेली असायची. पुसायला वाकणं आता होत नव्हतं.

त्या महिन्यात एकदा सात फरशा झाल्यावर तिचा हात बधिर झाला. उरलेल्या चार दुपारी करू म्हणून ती आत आली, खुर्चीत बसली आणि तिला डोळा लागला. जाग आली ती एका आवाजाने. पोलाद काँक्रीटवर खरडत होतं. मग टक, टक.

ती खिडकीशी गेली. फुटपाथवर कुणी नव्हतं. चारही फरशा मोकळ्या होत्या आणि त्यांच्यावर दर अठरा इंचांवर बोटभर पांढरी रेघ होती, वहीच्या पानावर असते तशी. बर्फाचा ढीग रेइनोच्या अंगणात होता. तिच्या साफ केलेल्या बाजूवरही एक पट्टा जास्त मारलेला होता. तिच्याकडून फरशीवर बर्फाचा जो पुसट पापुद्रा राहिला होता, तो तेवढ्या अठरा इंचांत नव्हता.

तिने फावडं पाहिलं. कोरडं. मूठ आणि भिंत यांच्यामध्ये कोळ्याने जाळं विणलं होतं. ते अखंड होतं.

कार्लाला ती फोनवर काही बोलली नाही. काय सांगणार? म्हातारी भ्रमिष्ट झाली, एवढंच कार्लाला ऐकू आलं असतं.

जानेवारीत तीन दिवस बर्फ पडला. नगरपालिकेची गाडी रस्ता साफ करत गेली आणि रस्त्यावरचा सगळा दगडासारखा बर्फ फुटपाथवर रचून गेली. बर्फ गुरुवारी सकाळी थांबला. एल्नाने एक फरशी केली. दुसरीच्या मध्यावर फावडं उचललं आणि ते हातातून गळालं. बोटं मिटेनात. शुक्रवारी दुपारी नगरपालिकेची एक तरुण बाई दारावर नारिंगी कागद चिकटवून गेली.

"आजी, ही नोटीस नाही हं, ताकीद आहे," ती म्हणाली. तिचंही नाक लाल झालं होतं, तीही दमलेली दिसत होती. "उद्या दुपारी मी परत येईन. तेव्हा असंच असलं तर मात्र नोटीस."

"उद्या माझी मुलगी येतेय."

"बरं झालं. तिच्याकडून करून घ्या."

एल्ना दार लावून तशीच उभी राहिली. गल्लीत आता पाव ठेवण्यासारखं कुणी उरलं नव्हतं. वरचं घर भाड्याचं, तिथली मुलं सुट्टीला गेलेली. समोरचा लाइनन तिच्याहून म्हातारा. तिने बराच वेळ दाराला पाठ टेकून विचार केला, तो विचार कमी आणि थकवा जास्त होता. मग तिने पीठ काढलं. डाव्या हाताने मळलं. वेलदोडे कुटताना तिला हसू आलं आणि रडूही.

उजेड होता तोवरच, कमरेइतक्या बर्फातून वाट काढत, ती रेइनोच्या पायरीपर्यंत गेली. निळ्या काठाची बशी ठेवली. बशीतल्या पुल्ल्यातून वाफ येत होती.

"घे बाबा," ती मोठ्याने म्हणाली. "जिंकलास. वरच्या हद्दीपासून खालच्या हद्दीपर्यंत. आणि वाट, पायऱ्या, पडवी. दारापर्यंत."

परत येताना तिने मागे पाहिलं नाही.

सकाळी अकरा फरशा मोकळ्या होत्या. सहा लाद्या, चार पायऱ्या आणि पडवी, सगळं मोकळं. सगळीकडे रेघा. वर, भाड्याच्या घराच्या बाजूला, एक फावडं जास्त. रेइनोच्या अंगणातला ढीग खिडकीच्या चौकटीला टेकला होता. त्याच्या पायरीवर बशी नव्हती.

कार्ला अकराच्या सुमारास आली आणि वाटेवरच थांबली. "बाई गं! आई, हे तू केलंस?"

"वेड लागलंय का मला? हा हात बघ."

"मग कुणाला लावलंस?"

"शेजारच्याला. पुल्ला देऊन."

"अजून चालतं हे? पुल्ला देऊन?" कार्ला हसत सुटली. "आमच्याकडे पाव दिला तर लोक आधी विचारतील, यात लोणी किती आहे म्हणून." ती वाकून फरशीवरची रेघ बोटाने पुसायला गेली. रेघ पुसली गेली नाही, गोठून घट्ट झाली होती. "काम मात्र नेटकं करतो हं. असं आता कुणी करत नाही."

दुपारी नगरपालिकेची बाई आली, तिने नारिंगी कागद स्वतःच्या हाताने काढला आणि कॉफीला नको म्हणता म्हणता एक पेला प्याली. ती गेल्यावर कार्लाने खिडकीतून फुटपाथ पुन्हा एकदा पाहिला.

"ठीक आहे," ती म्हणाली. "तो करतोय तोवर राहा तू इथे. मी घराचं नाव काढणार नाही."

एल्नाने मान हलवली. तिला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. तिला फक्त झोप येत होती.

पुढचा बर्फ मंगळवारी आला. फार नव्हता, वीतभर. सकाळी दहाला थांबला. एल्नाने बूट घातले नाहीत. पुढचं दार आतून कडी लावून बंद होतं, साखळीही होती. ती स्वयंपाकघरात कॉफी घेऊन बसली. बाहेर लख्ख ऊन होतं.

खरड सुरू झाली.

वरच्या हद्दीपासून. आवाज सारख्या अंतराने येत होता, घाई नव्हती. प्रत्येक झटक्यामागे टक, टक. फरशा संपल्या. आवाज वाटेवर वळला. दगडावर त्याचा सूर थोडा खाली उतरला.

मग पायऱ्या. एक एक.

मग पडवी. लाकडावर पोलाद घासलं की कपाटाचं जड दार सरकावं तसा आवाज येतो. तो दारापर्यंत आला.

थांबला.

एल्नाने कप खाली ठेवला. कपाचा आवाज होणार नाही अशा बेताने ठेवला.

दारापर्यंत. तिनेच सांगितलं होतं.

मग तो आवाज पुन्हा आला. लाकडावर नव्हता. घासल्यासारखा, मऊ, जवळ. दाराच्या आतल्या, लिनोलियमच्या जमिनीवर.

एकच झटका.

टक, टक.

त्यानंतर काही नाही. घड्याळ चालत होतं, फ्रिज गुणगुणत होता. कॉफीवर साय धरली, तरी ती उठली नाही. शेवटी उठली ती भिंतीला हात लावून, दमलेल्या माणसासारखी, घाई न करता.

दाराची कडी लागलेली होती. साखळीही.

आत, उंबऱ्याला लागून, तिचे बूट, मिठाची पिशवी, छत्री आणि पायपुसणं रेइनोच्या घराच्या बाजूच्या भिंतीशी ढकललेलं होतं, व्यवस्थित, ढीग करून. ढिगावर निळ्या काठाची बशी होती. धुतलेली, रिकामी. जमिनीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत एक आडवा पट्टा स्वच्छ होता. उजव्या कडेला मिठाच्या भुकटीची बोटभर रेघ राहिली होती.

एल्नाने खणातून टेप आणली. एक गुडघा टेकला, मग दुसरा. टेपचं टोक उंबऱ्याला लावलं आणि आतल्या बाजूला ओढलं.

अठरा इंच.